सामना कुणाचा, गल्ला कुणाचा

२०१८ साल संपत आलं असताना हिंदी रॅपमधलं सर्वांत गाजलेलं भांडण पेटलं, ते पैशावरून. दिल्लीत वाढलेला, तोवर सिनेमात आणि टीव्हीवर बस्तान बसवलेला रफ्तार एका मुलाखतीत बोलून गेला की एमिवेसारख्यांना या गाण्यांतून पैसे मिळणार नाहीत. अँटॉप हिलच्या एमिवे बंटायला, म्हणजे बिलाल शेखला, ते झोंबलं. त्याने ‘समझ में आया क्या’ काढलं, रफ्तारने ‘शेख चिल्ली’ने उत्तर दिलं, त्यावर एमिवेचं ‘गिरफ्तार’ आलं. त्या गाण्यांत एकमेकांची लायकी काढणं होतं, शब्दांची कसरत होती, दमदाटीही होती. वादाचा गाभा मात्र एवढाच होता: कंपनीच्या आणि सिनेमाच्या आधाराशिवाय, आपल्या वस्तीच्या बोलीत लिहिणाऱ्या पोराला त्यावर पोट भरता येईल का?

आमच्या इंद्रलोकात हा प्रश्न कुणाला परका नाही. मिठागरांच्या आणि खाजणांच्या कडेने वाढत गेलेल्या भाईंदर पूर्वेच्या या भागात घराचा हप्ता, लोकलचा पास आणि क्लासची फी भागवून जे उरतं त्यावर पोरांचे छंद चालतात. मोबाइलवर बीट लावून वहीत ओळी खरडणारी मुलं इथे गच्चीवर, बागेच्या कठड्यावर, गोल्डन नेस्टच्या आसपास दिसतात. मराठी, गुजराती, मारवाडी, भोजपुरी अशा निरनिराळ्या घरांतली ही मुलं एकाच बंबय्या बोलीत लिहितात. जुलै २०२५ मध्ये याच शहरात, मीरा रोडला, भाषेवरून मारहाण झाली. व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, त्याला उत्तर म्हणून मराठी माणसांचा मोर्चा निघाला. अशा शहरात ही मुलं एकमेकांच्या ओळी कान देऊन ऐकतात याचं मला फार मोल वाटतं. त्यांच्यात एमिवेवाले आणि रफ्तारवाले असे तट पडले, मग एमिवेवाले आणि पुण्याच्या एमसी स्टॅनचे चाहते असे पडले. त्यांच्या आईवडिलांना हा सगळा शिवराळ पोरखेळ वाटतो. मला तो पोरखेळ वाटत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. भांडणामुळे कला बिघडते हे खरं नाही, आणि पैशामुळे बिघडते हेही खरं नाही. भांडणाचा निवाडा करणारे कोण आणि भांडणाचा गल्ला कुणाच्या हातात, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. गेल्या काही वर्षांत या दोन्ही गोष्टी गाणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या हातून निसटल्या आहेत. त्या परत मिळवता येतील, आणि त्यासाठी लागणारा अनुभव आपल्याच लोकांकडे आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. हिप-हॉप ही मुळात गरिबांची निर्मळ कला होती, बाजाराने ती नासवली, असं सांगितलं जातं. इतिहास तसं सांगत नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीच्या सभागृहात जी पार्टी झाली, ती हिप-हॉपची जन्मरात्र मानली जाते. तिथे तबकड्या फिरवणारा होता क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क. पार्टी भरवली होती त्याच्या बहिणीने, सिंडीने, आणि तिला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट, असं प्रवेशमूल्य होतं. पहिल्याच रात्री दारात गल्ला होता, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पैसे देणारे तिथेच समोर नाचत होते. जमलेले पैसे त्याच इमारतीत राहणाऱ्या मुलीच्या हातात पडले.

भांडणं ही गाणं खपवायची युक्ती असते, हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसं नाही. १९८४ मध्ये यूटीएफओ नावाच्या गटाने रोक्सॅन नावाच्या, भाव न देणाऱ्या मुलीवर एक गाणं काढलं. क्वीन्सब्रिज वसाहतीतल्या १४ वर्षांच्या मुलीने रोक्सॅन शांटे हे नाव घेऊन त्याला उत्तर दिलं आणि पुरुषांच्या त्या गटाला निरुत्तर केलं. मग उत्तरांना उत्तरं आली, तबकड्यांचा ढीग लागला, रेडिओवाल्यांनी आणि दुकानदारांनी कमाई केली. ती कमाई झाली म्हणून शांटेचं उत्तर खोटं ठरत नाही. भांडणाची चाल रूढ होती म्हणून तर एका शाळकरी मुलीला मोठ्या पुरुषांसमोर उभं राहता आलं. सभ्य, शांत मैफिलीत तिला कुणी माइक दिला नसता.

हा सगळा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. उत्तर पेशवाईत होनाजी-बाळा आणि सगनभाऊ यांचे फड एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. होनाजी गवळी, सगनभाऊ जेजुरीकडचा मुसलमान, धंद्याने शिकलगार, तलवारींना धार लावणारा. या माणसांच्या रचना दरबारापर्यंत गेल्या, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात शाहिरांना आश्रय मिळाला, पैसा मिळाला. कलगी आणि तुरा असे शाहिरांचे दोन पक्ष होते. कलगीवाले आदिमायेला, शक्तीला श्रेष्ठ मानत, तुरेवाले शिवाला. एका बाजूने कवनातून सवाल टाकायचा, दुसऱ्या बाजूने तिथल्या तिथे कवनातूनच जवाब द्यायचा. पुराणातली कोडी, आकड्यांचे कूटप्रश्न, शब्दांचे पेच असं सगळं त्यात असायचं. जवाब आला नाही तर फड हरला, आणि ते साऱ्या गावासमोर.

ही परंपरा ग्रंथालयात जाऊन बसलेली नाही. रत्नागिरी-रायगडकडची जाखडी, शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे कलगी-तुऱ्याचेच, सामने आजही होतात, आणि कोकणात जेवढे होतात तेवढ्याच चुरशीने मुंबईत होतात. परळ-गिरगावच्या नाट्यगृहांत चाकरमान्यांनी ते वर्षानुवर्षं जपले. गिरणगाव उठला आणि माणसं पश्चिम रेल्वेच्या टोकांकडे, बोरिवली, भाईंदर, नालासोपारा, विरारकडे सरकली, तशी त्यांची ही आवडही त्यांच्याबरोबर सरकली. सिंधुदुर्गाकडची डबलबारी भजनं याच जातीची. दोन बुवा, दोन पखवाज, आणि टाळकऱ्यांचे दोन संच.

शक्ती-तुऱ्याचा सामना एकदा तरी पूर्ण बसून पाहावा. आधी गण होतो, म्हणजे दोन्ही बाजू देवाला नमन करतात. मग गवळण होते. नाचणाऱ्या पोरांच्या पायांतल्या चाळांचा ठेका जुळतो, ढोलकी तापते, आणि मगच शाहीर एकमेकांवर येतात. टोमणे जहरी असतात. समोरच्याचा आवाज, त्याची गुरुपरंपरा, त्याच्या गेल्या सामन्यातली चूक, काहीही सोडलं जात नाही. पण टोमण्याला यमक हवं, चाल हवी, आणि सवालाला शास्त्राचा आधार हवा. आधार खोटा निघाला तर समोरचा शाहीर भर सभेत पकडतो, आणि प्रेक्षकांतला एखादा म्हाताराही उठून बोलतो. त्या म्हाताऱ्याने तिकीट काढलेलं असतं. गावच्या मंडळाने जाहिरात केलेली असते, जमलेला पैसा गावातल्या देवळासाठी किंवा शाळेसाठी जायचा असतो, आणि दोन्ही शाहिरांची बिदागी आधी ठरलेली असते. हरणाऱ्यालाही ठरलेले पैसे मिळतात. सामना संपल्यावर दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि तो केवळ देखावा नसतो, कारण पुढच्या मोसमात त्यांना पुन्हा एकमेकांचीच गरज लागणार असते.

या व्यवस्थेत मला चार गोष्टी दिसतात. निवाडा करणारा समोर बसलेला आहे आणि त्याला विषयातलं कळतं. भांडणाला ठरलेली वेळ आहे, रात्र सरली की ते संपतं. पैसा दोघांनाही मिळतो. चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे: नुसती शिवी चालत नाही, उत्तर द्यावं लागतं. पैसा इथेही आहे, भरपूर आहे. मराठी माणसाला सवाल-जवाबाचं इतकं वेड होतं की १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, आणि १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’ने तर ती जुगलबंदी नावातच घेतली. भांडण विकलं जातं हे आपल्याला आजी-आजोबांपासून ठाऊक आहे.

पैशाबद्दल मी भोळा होऊ इच्छित नाही. याच परंपरेत पैशाची एक काळी बाजू आहे, आणि ती सांगायची तर पठ्ठे बापूरावांचं नाव घ्यावं लागतं. रेठरे हरणाक्षच्या ब्राह्मण घरात जन्मलेले श्रीधर कुलकर्णी तमाशात आले, पवळा या महार समाजातल्या कलावतीबरोबर त्यांचा फड महाराष्ट्रभर गाजला. १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहासाठी त्यांनी आपल्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारलं. आमच्या स्त्रिया नाचवून मिळालेला पैसा आमच्या मुक्तीला नको, अशी ती भूमिका होती. त्या नकाराकडे मी आजच्या रॅपच्या संदर्भात पुन्हा पुन्हा वळतो. पैसा वाईट, असं बाबासाहेब म्हणत नव्हते. चळवळीला पैशाची किती गरज होती हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो कुणाच्या अंगावरून, कुणाच्या अब्रूवरून कमावला जातो, हे ते विचारत होते. आणि बापूराव? ज्यांच्या लावण्या सगळ्या फडांनी गायल्या, ते १९४५ मध्ये पुण्यात विपन्नावस्थेत गेले. गल्ला मोठा होता, लिहिणाऱ्याच्या पदरात काही उरलं नाही.

आता अमेरिकेकडे पाहू. नास आणि जे-झी या रॅपरांचं भांडण २००१ मध्ये शिगेला पोहोचलं. दोघांनी एकमेकांवर लिहिलेली गाणी आजही या कलेचे नमुने म्हणून शिकवली जातात. २००५ मध्ये दोघे एका मंचावर आले आणि लगेच नास ज्या डेफ जॅम कंपनीत दाखल झाला, तिचा अध्यक्ष जे-झी होता. इथवर मला तक्रार नाही. वैर मिटलं, दोघांचंही भलं झालं, भांडणातून चांगली गाणी मिळाली. पण पुढची पायरी पाहा. २०२४ मध्ये केंड्रिक लमार आणि ड्रेक यांनी एकमेकांवर गाण्यांचा भडिमार केला. ४ मे २०२४ ला आलेल्या ‘नॉट लाइक अस’ या केंड्रिकच्या गाण्याला फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच ग्रॅमी मिळाले, आणि त्याच महिन्यात सुपर बोलच्या मध्यंतरात त्याने ते गायलं. हे दोघेही युनिव्हर्सल म्युझिक या एकाच कंपनीच्या छत्राखाली होते. ड्रेकने जानेवारी २०२५ मध्ये दावा लावला तो केंड्रिकवर नाही, तर आपल्याच कंपनीवर: माझी बदनामी करणारं गाणं तुम्ही मुद्दाम पसरवलं. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. कायदा काय म्हणाला ते असो. रचना उघड झाली. दोन्ही फड एकाच मालकाचे. कुणीही जिंको, कुणीही हरो, मालकाचा गल्ला भरतो, आणि भांडण जितकं लांबेल तितका जास्त भरतो. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात असं होत नाही, कारण तिथे पहाट होते.

आपल्याकडे हेच यूट्यूब आणि रील्सच्या रूपात आलं. एमिवेचं रफ्तारशी झालं, मग पुण्याच्या ताडीवाला रोडच्या एमसी स्टॅनने २०१९ मध्ये ‘खुजा मत’ काढून एमिवेला आव्हान दिलं, मग दिल्लीच्या कृष्णाशी एमिवेचं वर्षानुवर्षं चाललं. पहिल्या भांडणाबद्दल मला आदर आहे. त्यातून एक खरा प्रश्न धसाला लागला. कंपनीशिवाय जगता येतं हे एमिवेने स्वतःच्या कमाईने सिद्ध केलं, आणि अँटॉप हिलपासून भाईंदरपर्यंतच्या पोरांना त्याचा धीर आला. नंतरच्या भांडणांत मला प्रश्नच सापडत नाही. मी किती मोठा, माझे व्ह्यूज किती, माझी गाडी कोणती, हे सवाल नव्हेत, कारण त्यांना जवाब असू शकत नाही. आणि स्टॅनबद्दल मला अधिक वाईट वाटतं, कारण त्याच्या २०२० च्या ‘तडीपार’मध्ये पुण्याच्या वस्तीचं जे दुखरं, उघडं चित्र आहे ते फार थोड्या मराठी कादंबऱ्यांत सापडेल. त्या ताकदीचा माणूस फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकून घराघरांत पोहोचला. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आयपॅडवर चित्रित केलेल्या ‘आफत’ने मुंबईच्या गल्ली रॅपला वाट दाखवली होती, तोही २०२४ मध्ये त्याच खेळाच्या ओटीटी आवृत्तीत उपविजेता ठरला. त्या घरात कॅमेऱ्यांना भांडण हवं असतं, कवन नको असतं. तिथे गेल्याबद्दल मी या दोघांना दोष देत नाही. घर चालवायचं असतं. पण ज्या देशात उत्तम रॅपरला नाव आणि रोख रक्कम मिळवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे बंद घरात इतरांशी भांडणं असतो, तिथे गाण्याचा बाजार नीट उभाच राहिलेला नाही, असं म्हणावं लागेल.

आकड्यात सांगायचं तर स्पॉटिफायचा नियम पाहा. २०२४ पासून ज्या गाण्याला वर्षभरात १,००० पेक्षा कमी वेळा ऐकलं जातं, त्याला एक पैसाही मिळत नाही. इंद्रलोकातल्या एखाद्या मुलाचं गाणं ९०० वेळा ऐकलं गेलं, तर त्याची कमाई शून्य. त्याच मुलाला ऐकायला ३०० माणसं ५०-५० रुपये देऊन एका सभागृहात बसली तर १५,००० रुपये जमतात. भाडं, आवाजाची यंत्रणा वजा करूनही चार मुलांना हातात काहीतरी देता येतं. मोबाइलवर मात्र त्या ९०० चे ९ लाख करायचे, तर त्याला ठाऊक असलेला मार्ग एकच: कुणातरी मोठ्याला शिवी दे. मुलं शिवराळ का झाली याचं उत्तर त्यांच्या संस्कारांत शोधण्याआधी या हिशोबात शोधावं.

आणि ज्या भांडणांना खरोखर धार आहे, त्यांना या बाजारात गिऱ्हाईकच नाही. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटाने २०१९ मध्ये आरेच्या आदिवासी पाड्यांतल्या प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रातोरात पडली. त्या गटातला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत रॅप करायचा, ‘गली बॉय’मध्येही त्याचा आवाज आहे, मार्च २०२२ मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी तो गेला. त्याच गटात अमरावतीकडचा १०० आरबीएच वऱ्हाडी-मराठीत लिहितो. महादेव कोळी समाजातली माही जी, म्हणजे मधुरा घाणे, आदिवासींच्या हक्कांवर मराठीत रॅप करते. हे सगळे कुणाशी तरी भांडतच आहेत. फरक इतकाच की त्यांचा प्रतिपक्ष उलटून गाणं काढत नाही. २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरनी सत्तांतरावर आणि जनतेच्या हालांवर गाणी केली. त्यांना उत्तर म्हणून गाणं आलं नाही, गुन्हे दाखल झाले. दोन रॅपर एकमेकांच्या आयाबहिणींवर घसरतात तेव्हा व्ह्यूज वाढतात, आणि रॅपर सत्तेला सवाल करतो तेव्हा पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं. व्यवस्थेला कोणतं भांडण चालतं आणि कोणतं चालत नाही हे इतकं स्वच्छ दिसत असताना आपण पोरांनाच उपदेश करत बसतो, याचा मला संताप येतो.

सिनेमानेही हेच केलं, जरा गोड हाताने. १४ फेब्रुवारी २०१९ ला ‘गली बॉय’ आला. मुंबईचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांच्या आयुष्यांवरून प्रेरित असलेला, खुद्द नास ज्याचा कार्यकारी निर्माता होता असा हा सिनेमा मला आवडतो. त्याने धारावी, कुर्ला, जे. बी. नगर यांना मान मिळवून दिला. पण त्यातल्या ‘आझादी’ या गाण्याचं मूळ दिल्लीच्या विद्यार्थी आंदोलनातल्या घोषणांत होतं. सिनेमात येताना त्याची धार इतकी बोथट झाली की त्याच महिन्यात काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी ते गाणं एकमेकांविरुद्धच्या प्रचारात वापरलं. जे गाणं दोन्ही बाजूंना सारखंच सोयीचं पडतं त्यात सवाल उरलेला नसतो.

भांडणाची बाजू घेताना दोन गोष्टी मी बाजूला सारू शकत नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये टुपाक शकूर आणि मार्च १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. हे अमेरिकन रॅपर गोळ्यांनी मारले गेले. एक २५ वर्षांचा, दुसरा २४ वर्षांचा. मासिकांनी आणि कंपन्यांनी अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांचं युद्ध म्हणून ते वैर तापवत ठेवलं होतं. शब्दांच्या भांडणाला जिथे ठरलेली वेळ नसते, समोर बसून थांबा म्हणणारे लोक नसतात, तिथे ते शब्दांत राहील याची हमी कुणी देऊ शकत नाही. दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. आपल्या डिस, म्हणजे समोरच्याला डिवचणाऱ्या, गाण्यांत त्याच्या आईला, बहिणीला, प्रेयसीला ओढलं जातं. बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावांना जे विचारलं ते इथे लागू पडतं: ही कमाई कुणाच्या अब्रूवरून चालली आहे? कल्याणला वाढलेली डी एमसी, म्हणजे दीपा उन्नीकृष्णन, किंवा माही जी यांच्यासारख्या मुली जोवर या सामन्यात समोर उभ्या राहत नाहीत तोवर हा प्रश्न सुटणार नाही, कारण उत्तर देणारी बाई समोर असली की पुरुषाला शब्द तोलावे लागतात. १४ वर्षांच्या शांटेने तेच दाखवलं होतं.

आमच्या या पट्ट्यातल्या मुलांच्या ताकदीबद्दल शंका नको. भाईंदर-नायगावच्या वस्त्यांमधला ‘व्ही अनबीटेबल’ हा नृत्यसंच २०२० मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट: द चॅम्पियन्स’ जिंकून आला. वसई-नालासोपाऱ्याच्या सुरेश मुकुंदच्या ‘द किंग्स’ने २०१९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ जिंकून दहा लाख डॉलर आणले. या मुलांचं कौतुक आपण केलं ते परदेशातल्या परीक्षकांनी टाळ्या वाजवल्यावर. त्याआधी आपण त्यांना तालमीला जागा देत होतो का, याचं प्रामाणिक उत्तर प्रत्येकाने स्वतःला द्यावं.

माझं मागणं साधं आहे. मीरा-भाईंदर महापालिकेकडे लता मंगेशकर नाट्यगृह आहे, इंद्रलोकात प्रमोद महाजन सभागृह आहे. महिन्यातून एक रात्र, कमी भाड्यात, रॅपच्या सामन्यासाठी द्या. त्याला शक्ती-तुऱ्याचे नियम लावा: विषय आधी जाहीर, दोन्ही बाजूंची बिदागी आधी ठरलेली, कुणाच्या घरच्या बायकांवर घसरला तो बाद, आणि निवाडा करायला सभागृहातली माणसं. पंच म्हणून कोकणातला एखादा जुना शाहीर बोलवा. त्याला बीट कळणार नाही, पण सवाल खरा की पोकळ हे त्याच्याइतकं कुणाला कळणार नाही. विषयांचा तुटवडा पडणार नाही. मेट्रो-९ च्या कारशेडसाठी उत्तन-डोंगरीच्या झाडांवर कुऱ्हाड येण्याचा वाद आहे, भाषेचा वाद आहे, सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. एकाने एक बाजू घ्यावी, दुसऱ्याने दुसरी, आणि रात्रभर भांडावं. सत्तेवर टीका झाली म्हणून पुढच्या महिन्याची तारीख रद्द होणार नाही, एवढं लेखी द्या.

महापालिका करेल तेव्हा करेल. तोवर गृहसंकुलांना गच्च्या आहेत, मंडळांना मंडप आहेत, गणपतीत आणि नवरात्रात आपण डीजेवर लाखांनी खर्च करतो. त्यातली एक संध्याकाळ आपल्याच इमारतीतल्या दोन पोरांना द्या, दोघांनाही पाकीट द्या, आणि समोर खुर्ची टाकून शेवटपर्यंत ऐका. फुकट नका ऐकू. तिकीट काढा.